बिनपाण्याचा वर्गणीदार

समीक्षा लिहायची तर माणूस निदान मराठीचा एम.ए. असावा, अशी समजूत आहे. मी बी.कॉम. आहे, आणि तेही दुसऱ्या वर्गात. पण वीस-बावीस वर्षं बँकेच्या काउंटरमागं बसून एक गोष्ट मला कळली आहे. कागदावर लिहिलेलं कुणीही वाचतो. लिहायचं टाळलेलं काय आहे, ते वाचता आलं पाहिजे. कर्जाच्या अर्जात माणूस आपलं उत्पन्न टपोऱ्या अक्षरात लिहितो आणि आधीचं कर्ज असं लिहितो, की कागदावर मुंगी मेली असावी असं वाटतं. आम्ही नेमकी ती मुंगी शोधतो. समीक्षक तरी याहून वेगळं काय करतात?

तेव्हा आज मी एका मासिकाची समीक्षा करणार आहे. मासिक इंग्रजी आहे आणि हौशी नौकानयनाचं आहे. म्हणजे ज्यांच्या स्वतःच्या होड्या आहेत आणि सुट्टीच्या दिवशी जे त्या पाण्यात फिरवतात, अशा मंडळींसाठी निघणारं. मी त्याचा वर्गणीदार झालो तेव्हा लातूरला राहत होतो. हे वाक्य मी जिथं जिथं बोललो आहे तिथं लोक आधी हसले आहेत, आणि मग त्यांनी हळूच विचारलं आहे, "घरी सगळं ठीक आहे ना?"

त्याचं असं झालं. २०१५ साली माझी नांदेडहून लातूरला बदली झाली. अंतर फार नाही. लोहा, अहमदपूर, चाकूर करत एस.टी. सकाळी निघालेल्या माणसाला जेवणाच्या वेळेला पोचवते. पण नांदेडच्या माणसाला पाण्याच्या बाबतीत जरा ताठा असतो. आम्ही गोदावरीकाठचे. विष्णुपुरीला आमचा जलाशय, गावात आमचे घाट, आणि पावसाळ्यात पूर बघायला पुलावर गर्दी. नदीला पाणी असो वा नसो, नदी आहे एवढ्या भांडवलावर आमची ऐट चालते. लातूरला मांजरेचा आधार. शहराचं पाणी यायचं ते धनेगावच्या धरणातून. मी गेलो आणि धरण कोरडं पडलं. माझ्या जाण्याचा आणि धरणाचा काही संबंध नाही, हे मी शाखेत दोन-तीनदा स्पष्ट केलं. तरी हेडकॅशिअर साहेब माझ्याकडं वर्षभर संशयानंच पाहत राहिले.

अशा दिवसांत गंजगोलाईच्या बाजूला एका रद्दीच्या दुकानात मला त्या मासिकाचे अकरा अंक सापडले. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यांतल्या कुठल्या रस्त्यानं ते नौकानयनाचं मासिक लातुरात शिरलं असेल, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. रद्दीवाल्यानं ते किलोवर दिलं. गुळगुळीत कागद वजनाला जड, त्यामुळे सौदा महागात पडला. पण मुखपृष्ठावर निळं पाणी होतं. नुसतं पाणी नाही, वाया चाललेलं पाणी. होडीच्या दोन्ही बाजूंनी उडत होतं आणि कुणी खाली बादली लावलेली नव्हती.

मी ते अंक टँकरच्या रांगेत वाचायला लागलो. आमच्या गल्लीत टँकर केव्हा येईल याचा नेम नसे. मंडळी आपापल्या घागरी, ड्रम, पिंपं रांगेत लावून ओट्यावर बसत. कुणी विणकाम करी, कुणी वर्तमानपत्र वाची, कुणी शेजाऱ्याच्या पिंपाचं माप डोळ्यांनी घेत बसे. मी शीड कसं उभारावं ते वाचत असे. शेजारच्या काकूंनी एकदा अंकात डोकावून विचारलं, "हे काय वाचायलात हो?" मी म्हणालो, "वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनं होडी कशी न्यावी, ते." काकूंनी पदर सावरला आणि आपली घागर माझ्यापासून जरा लांब सरकवली.

सौ.चं म्हणणं थोडक्यात असे. "अहो, टँकर आला. ती होडी ठेवा आन् बादली घ्या."

एका अंकाच्या मधल्या दोन पानांवर अथांग समुद्राचं चित्र होतं. मी ते काढून मोरीत, रिकाम्या पिंपाच्या वर चिकटवलं. समीक्षेत प्रामाणिक असलं पाहिजे म्हणून सांगतो, की पुढं मी या मासिकाला बरीच नावं ठेवणार आहे. पण त्या उन्हाळ्यात तांब्याभर पाण्यात आंघोळ उरकताना त्या चित्राचा मला आधार होता. हौसेच्या मासिकाकडून वाचकाला काय हवं असतं याचं पहिलं उत्तर हेच. आपल्याकडे नाही ते दिसावं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पाककृतींची पुस्तकं पथ्यावरचीच माणसं जास्त वाचतात.

मग १२ एप्रिल २०१६ चा दिवस उजाडला. मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर, म्हणजे पाच लाख लिटर पाणी, सुमारे साडेतीनशे किलोमीटर रुळांवरून. गाडीला नाव होतं 'जलदूत'. नंतर पन्नास वाघिणींच्या गाड्या यायला लागल्या. आमची शाखा गाडी बघून आली. मीही गेलो होतो. माझ्या पिशवीत मासिकाचा ताजा अंक होता, कारण एव्हाना मी एक वर्षाची वर्गणी भरून बसलो होतो. सबंध जगात होडी पाण्यावर चालते. पाणी चाकांवर चालतंय, हे मी तिथं पाहिलं. असल्या गावात बसून नौकानयनाची वर्गणी भरणाऱ्या माणसाला संपादकांनी निदान एक पत्र लिहायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

आता वर्गणी भरली म्हटल्यावर वाचणं बदललं. रद्दीतला अंक माणूस बघतो. वर्गणीचा अंक माणूस तपासतो. मी वर्षअखेरीला बसून बाराही अंकांचा ताळेबंद मांडला.

अंकाची पानं चौऱ्याऐंशी. त्यांतली निम्मी जाहिराती. उरलेल्यांत ज्या होड्यांची परीक्षणं होती त्यांना होड्या म्हणणं म्हणजे राजवाड्याला खोली म्हणण्यासारखं. आत दोन शयनगृहं, स्वयंपाकघर आणि गोड्या पाण्याची टाकी. टाकीचं माप वाचून आमच्या गल्लीचा आठवडा निघाला असता, असा हिशेब मी समासात मांडला आहे. किंमत डॉलरमध्ये. रुपयांत करायला गेलो तर कॅल्क्युलेटरवर आकडा मावेना. परीक्षणं सगळी गोड. बारा अंकांत छत्तीस होड्या, आणि छत्तिसाव्या छत्तीस उत्तम! कॉमर्सच्या माणसाला इथंच वास येतो. ज्या शाखेत एकही कर्ज थकीत नाही, त्या शाखेचं ऑडिट आधी करावं.

वाचकांच्या पत्रांना अर्धं पान. पत्रं लिहिणारे सगळे 'आपला अंक सुंदर असतो' असं म्हणणारे. मीही एक पत्र लिहिलं. शब्दकोश जवळ घेऊन, इंग्रजीत लिहिलं. 'गुडघाभर पाण्यात चालेल, दोन माणसं बसतील आणि पंधरा हजार रुपयांत होईल अशी होडी घरच्या घरी कशी बांधावी?' दोन महिन्यांनी उत्तर आलं. पत्र छापलं नव्हतं. एका वेगवान मोटारबोटीचं रंगीत माहितीपत्रक पाठवलं होतं आणि सोबत विचारणा होती, की आपली होडी कुठल्या मरिनात असते ते कळवावं. मरिना म्हणजे होड्यांचा वाहनतळ. मी काय कळवणार? आमच्या घरी पाण्याचं म्हणून जे काही होतं, ते गच्चीवरच्या काळ्या टाकीत होतं.

त्याच २०१६ च्या ऑगस्टात रिओ ऑलिंपिकमध्ये दत्तू भोकनळ एकेरी नौकानयनात उतरला. नाशिक जिल्ह्यात चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही हे त्याचं गाव. गाव दुष्काळी. वडिलांबरोबर विहिरी खोदणारा पोरगा लष्करात जातो, तिथं त्याच्या हातात वल्हं येतं आणि तो ऑलिंपिकमध्ये तेरावा येतो. रिओला गेलेला आपला तो एकटाच नौकानयनपटू. पुढं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या होडीत बसून त्यानं सुवर्णपदकही आणलं. पाणी शोधायला जमीन खोदणारी माणसं आमच्याकडं गल्लोगल्ली आहेत. त्यांतला एक जण पाण्यावर पोचला. माझ्या मासिकाच्या त्या सप्टेंबरच्या अंकात मी त्याच्यावरचा लेख शोधला. होडीत लावायच्या गालिच्यांवर चार पानं होती. दत्तूवर एक ओळ नव्हती.

आता कुणी म्हणेल, की अशी मासिकं श्रीमंतांसाठीच असतात, तुम्ही कशाला नाक खुपसता? तर तसं नाही. मी चौकशी केली आहे. इंग्लंडात १९६७ साली 'प्रॅक्टिकल बोट ओनर' नावाचं मासिक निघालं. नावातच सगळा मजकूर आला. ज्याची होडी जुनी आहे, खिशात पैसे बेताचे आहेत आणि रविवारी जो स्वतः हातात ब्रश घेऊन होडीखाली उताणा पडतो, त्याच्यासाठी. मासिक अजून चालू आहे. अमेरिकेत १९७४ साली 'वुडनबोट' निघालं, लाकडी होड्यांचं. सगळं जग फायबरच्या होड्यांकडं वळलेलं असताना हा संपादक मेन राज्यातल्या एका रानात, वीज नसलेल्या झोपडीत बसून लाकडी होड्यांचं मासिक काढत होता, आणि त्याचा टेलिफोन अर्ध्या मैलावर एका झाडाला ठोकलेला होता, असं सांगतात. तेही मासिक चालू आहे. ज्याचा टेलिफोन झाडावर आहे, तो वाचकाला मरिनाचं नाव विचारत नाही.

आणि मासिकच कशाला, लंडनच्या 'डेली मिरर' या साध्या दैनिकानं १९६३ साली वाचकांसाठी एक होडीच काढली. सुमारे अकरा फुटी, लाल शिडाची. प्लायवूडच्या कापलेल्या फळ्यांचा संच घरी यायचा. फळ्या तांब्याच्या तारेनं एकमेकींना शिवायच्या, सांध्यावर फायबरग्लासची पट्टी आणि रेझिन लावायचं, की झाली होडी. किंमत त्रेसष्ट पौंड अकरा शिलिंग. लोकांनी दिवाणखान्यात, मोटारीच्या शेडमध्ये, जिन्याखाली होड्या बांधल्या. सत्तर हजारांवर होड्या झाल्या. एका वर्तमानपत्रानं सत्तर हजार घरांत होडी नेली. आमचं वर्तमानपत्र घरात येतं आणि त्यात भेळ बांधली जाते.

माझा मुद्दा काय आहे तो यात आला. वाचकाला होडीचं दर्शन पुरत नाही. त्याला होडीचं माप हवं असतं. फळी किती लांब, टाका किती अंतरावर, खर्च किती, आणि पैसे संपले तर कुठं थांबलं तरी चालेल. या बाबतीत आमच्या मराठवाड्यानंही एक मोठा नमुना देऊन ठेवला आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रात पाचव्या शतकातलं एक शिडाचं जहाज आहे. समुद्र इथून शेकडो मैल लांब. तरी कुणी कलावंतानं डोंगराच्या पोटात जहाज काढलं. मराठवाड्यातला पहिला बिनपाण्याचा वर्गणीदार तोच असावा. त्या चित्रावरून आपल्या नौदलानं जहाज बांधवून घेतलं. खिळे न मारता, काथ्याच्या दोरानं फळ्या शिवून. बांधणारी गोव्याची कंपनी. तिच्या नावातच 'होडी' आहे. केरळचे कारागीर, देखरेख नौदलाची, आणि २१ मे २०२५ रोजी कारवारला ते 'कौंडिण्य' या नावानं नौदलात दाखल झालं. पण अडचण कुठं आली ठाऊक आहे? चित्र होतं, मोजमाप नव्हतं. नकाशा नाही, आराखडा नाही. चित्र पाहून तज्ज्ञांना सगळी मापं काढत बसावं लागलं आणि छोटी प्रतिकृती करून आय.आय.टी.त तपासावी लागली. म्हणजे पंधराशे वर्षांमागचा कलावंत आणि माझा संपादक यांची चूक एकच. फोटो सुंदर; मापं द्यायची राहिली. फरक इतकाच, की कलावंतानं वर्गणी घेतली नव्हती.

हे सगळं मी एक अभ्यासू वाचक म्हणून बोलतो आहे, पण खरी समीक्षा माझी नव्हेच. ती केली आमच्या एका खातेदारानं.

२०१९ साली मी परत नांदेडला आलो. शाखेत एक भोई मामा येतात. वय सत्तरीच्या पुढं. सगळं आयुष्य गोदावरीत गेलं. मासे धरले, नाव चालवली, दोन-चार माणसं बुडताना काढली. अक्षरओळख सहीपुरती. एकदा जेवणाच्या सुट्टीत पासबुक भरायला आले, तर मशीन बंद. मशीन चालू होईपर्यंत मी त्यांना आत बसवलं. टेबलावर मासिक पडलं होतं.

"काय वाचायलात साहेब?"

"होड्यांचं मासिक आहे मामा."

"होड्यांचं बी असतंय का?" असं म्हणून त्यांनी ते हातात घेतलं. अंगठ्याला थुंकी लावून एकेक पान उलटायला लागले. माझा डबा खाऊन झाला, हेडकॅशिअर बाईंचा चहा झाला, तरी मामांचं चालूच. एखाद्या पानावर थांबायचे, पान तिरपं धरायचे, होडीच्या बुडाशी बोट लावून बघायचे. शेवटचं पान झाल्यावर त्यांनी अंक मिटला.

"साहेब, ह्यातली एकबी होडी गळंना की ओ."

"चांगल्या होड्या आहेत मामा. महागाच्या."

"महागाची असली म्हणून काय झालं? पाणी काय किंमत बघून आत येतंय का?"

मी हसलो. मामा हसले नाहीत. त्यांनी पुन्हा अंक उघडला.

"आन् उलटली तर काय करायचं, ते कोणत्या पानावर हाय?"

मी अंक घेतला. चौऱ्याऐंशी पानं चाळली. मग खणात होते तेवढे सगळे अंक काढले. गालिचे होते, दुर्बिणी होत्या, डेकवर घालायचे बूट होते. उलटली तर काय करायचं, ते नव्हतं.

"मग हे होडीचं पुस्तक न्हवं साहेब," मामा उठत म्हणाले. "हे होडीच्या फोटूचं हाय."

इतकं नेमकं परीक्षण मी आजवर वाचलेलं नाही, आणि मामांना लिहिता येत नाही. जाताना दारात थांबून त्यांनी त्या मासिकाची उणीवही भरून काढली. "लाकडाची होडी उलटली तरी तरंगती. तिला सोडायचं न्हाई, धरून ऱ्हायचं. काठ जवळ दिसतोय म्हणून माणूस पोहायला जातंय, आन् तितंच फसतंय." तीन वाक्यं. मासिकानं बारा अंकांत दिलं नाही ते पासबुकाच्या मशीनपाशी फुकट मिळालं.

मामांचं बोलणं माझ्या डोक्यात राहिलं. संध्याकाळी मी ते घरी वडिलांना सांगितलं. वडील निवृत्त शिक्षक. माझ्या या मासिकाकडं त्यांनी कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. पण काय झालं कोण जाणे, ते एकदम म्हणाले, "आम्ही पावसाळ्यात शाळेला काहिलीतून जायचो."

काहील म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची ती भली मोठी, पसरट, गोल कढई. गावाला पूल नव्हता, नाव नव्हती. पाणी वाढलं की गुऱ्हाळवाल्याची काहील पाण्यात सोडायची आणि पोरं आत बसवायची. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत हे वडिलांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं, हे जास्त खरं. मी म्हणालो, "पण ती गोल, ती गरगर फिरत नव्हती का?"

"फिरायची की! कडेला वल्हं मारलं की फिरायचीच. म्हणून पुढं वाकायचं, आन् समोरचं पाणी असं आपल्याकडं ओढायचं." वडिलांनी खुर्चीत बसल्या बसल्या दोन्ही हातांनी पाणी ओढून दाखवलं. हात सराईत होते. साठ वर्षांनंतरही त्या हातांना ते येत होतं. घरात खुर्चीखाली फरशी होती, आणि मला मात्र त्या क्षणी वाटलं, की खुर्ची थोडी पुढं सरकली.

मराठीत नौकानयनाचं मासिक असतं, तर पहिल्या अंकातला पहिला लेख हा असता. मजकुराला काय तोटा आहे? सुक्या भोपळ्यांची मोट बांधून केलेला तराफा म्हणजे सांगड. 'सांगड घालणे' हा वाक्प्रचार आपण भाषणात रोज वापरतो. खरी सांगड कशी घालायची ते आपल्याला ठाऊक नाही. किती भोपळे, गाठ कुठली, माणूस किती वजनाचा? कोकणच्या कोळ्यांकडं, गोदावरी-कृष्णेच्या भोयांकडं हे सगळं ज्ञान आहे आणि ते त्यांच्या हातातच राहिलं आहे. नांगराच्या कारखान्याचं वार्तापत्र म्हणून १९२० साली निघालेलं 'किर्लोस्कर खबर' पुढं महाराष्ट्राचं लाडकं मासिक झालं. तेव्हा लोखंडावर मासिक चालतं, तर पाण्यावर का चालू नये?

इथपर्यंत लिहून मी हा लेख गमतीत संपवणार होतो. पण 'हौशी' हा शब्द मला अडकवून बसला. २०२३ साली वर्तमानपत्रांत एक बातमी आली होती. जायकवाडीच्या फुगवट्याच्या पाण्यापलीकडं शाळा असलेली आपल्या मराठवाड्यातली पोरं थर्माकोलच्या तुकड्यांवर बसून रोज पाणी ओलांडतात. हातात काठी असते, ती पाण्यातल्या सापांसाठी. उच्च न्यायालयानं त्याची स्वतःहून दखल घेतली. माझ्या वडिलांना निदान काहील होती. साठ वर्षांत आपण लोखंडावरून थर्माकोलवर आलो. याला प्रगती म्हणायचं की घसारा, हे बी.कॉम.च्या कुठल्या पेपरात नव्हतं.

आणि मग २०२५ चा ऑगस्ट. आमच्याच नांदेड जिल्ह्यात मुखेड तालुक्यात एका रात्रीत आभाळ फाटलं. हसनाळ आणि आसपासची गावं पाण्यात गेली, माणसं गेली, जनावरं गेली. बचाव पथकं आली, लष्कराची तुकडी आली, रबरी होड्या आल्या. माणसं वाचवली त्यांनी. त्यांना हात जोडून नमस्कार. पण मनात येतं ते येतंच. २०१६ साली आमच्याकडं पाणी बाहेरून आलं, २०२५ साली होडी बाहेरून आली. आमच्याकडं आमचं असं काय होतं? माझ्या कपाटात नौकानयनाच्या मासिकाचे तेवीस अंक होते, आणि त्यांतल्या एकाही पानावर मामांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

म्हणून माझा निकाल असा. हौसेच्या मासिकानं स्वप्न जरूर दाखवावं. मोरीतलं चित्र मी अजून जपून ठेवलं आहे. पण होडी जिथं गळते ते भोकही दाखवावं. ज्यानं होडी बांधली, बुडवली, पुन्हा काढून डांबर लावलं, त्याला पान द्यावं. वाचकाला आपल्यासारखाच एक चुकलेला माणूस छापील अक्षरात भेटला, की तो म्हणतो, 'अरे, मग मीही करून बघेन.' इंग्लंडातल्या या मासिकांत वाचक आपल्या फजितीच्या हकिकती लिहून पाठवतात आणि तीच पानं आधी वाचली जातात, यात मला नवल वाटत नाही. हौस म्हणून जो दहा चुका वाचतो, तो पुराच्या रात्री त्यांतली एक तरी टाळतो. उरलेला कागद कितीही गुळगुळीत असला तरी तो किलोवरच जाणार.

आता नुसतं दुसऱ्याला शिकवून काय उपयोग? निघालेलं नसलेल्या त्या मराठी मासिकासाठी माझी पहिली हकिकत मी इथंच देऊन टाकतो. गेल्या महिन्यात मी मामांना म्हटलं, मला एकदा तुमच्या होडीत बसवा. रविवारी सकाळी गोदावरीच्या काठावर गेलो. होडी लाकडाची, दोन ठिकाणी पत्र्याची ठिगळं, आत पाणी उपसायला तेलाचा डबा. मामा म्हणाले, "पाय मधोमध टाका साहेब, काठावर टाकू नका." आता, वर्गणी भरून तेवीस अंक वाचलेल्या माणसाला एका भोयानं होडीत चढायला शिकवावं? मी रुबाबात पाय उचलला आणि होडीच्या काठावर टाकला.

चूक क्रमांक एक. होडी त्या बाजूला कलली, मी त्याच बाजूला कललो, आणि गोदामाईनं मला कमरेपर्यंत घेतलं. होडी मात्र सोडली नाही. तेवढं लक्षात राहिलं होतं.

मामांनी दंडाला धरून वर ओढलं. पाण्यातून बाहेर येईपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आता बसा. आता तुमाला होडी कळाली."

घरी पोचलो तेव्हा चपलेपासून शर्टापर्यंत पाणी गळत होतं. दारात पायपुसण्यावर उभा राहून मी सौ.ला सगळी हकिकत सविस्तर सांगितली. तिनं ती शांतपणे ऐकून घेतली. फरशीवर साचलेल्या थारोळ्याकडं एकदा पाहिलं, आणि टॉवेल पुढं करत म्हणाली,

"एवढं पाणी लातूरला असताना आणलं असतंत, तर किती बरं झालं असतं!"